डावरं सारवण

१

दर शुक्रवारी सकाळी मधलं घर सारवायचं काम माझं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाटीभर शेण, ओंजळभर पांढरी माती, बादलीभर पाणी. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, मागं मागं सरकत दारापर्यंत यायचं, शेवटचा हात उंबऱ्याशी फिरवायचा, बाहेर यायचं आणि पाय धुवायचे. सारवणारी बाई नेहमी दाराकडं सरकते. उलटं केलं तर आपणच आत कोंडून बसावं लागतं. हे चार वर्षांच्या पोरीलाही कळतं.

मी बारा वर्षं ते घर सारवलं. आले होते महिनाभरासाठी.

माझं सासर पालमकडं. निजामाच्या फसली सनाप्रमाणे पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात तिथं निरोप आला की माय घरातून नाहीशी झाली आहे, भाकरी थापायला कुणी नाही, कडूला महिनाभर पाठवा. मी सतरा वर्षांची होते आणि भाऊ बन्सी दहाचा. महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा. सासरहून मला न्यायला दोनदा गाडी आली. दोन्ही वेळा दादा म्हणाले, "कडूची माय येऊ द्या, मंग न्या." तिसऱ्यांदा गाडी आली नाही, बातमी आली. नवऱ्यानं दुसरी केली होती. मला कुणी टाकलं म्हणावं तर तसंही नाही. मी फक्त परत गेले नाही, एवढंच झालं.

दादा म्हणजे माझे वडील, सटवाजी. झरीपासून दोन कोसांवर आमची वाडी. शेत बरं होतं, माणूस शहाणा होता, पण मायचा विषय निघाला की त्यांच्यापुढं डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. तिचं हिरवं लुगडं मधल्या घरात दांडीवर होतं, ते काढू द्यायचे नाहीत. दर पाडव्याला मी ते धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा तिथंच टाकायचं. बारा धुण्यांत त्याचं पार जाळं झालं होतं. बाई मेली तर तेराव्या दिवशी घर मोकळं होतं. हरवली तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

२

ती दुपार दादांनी जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा तशीच सांगितली.

वैशाख होता. माय मधलं घर सारवत होती. दादा ओसरीत, दाराला लागून, अंबाडीचं चऱ्हाट वळत बसले होते. मधल्या घराला दार एकच, खिडकी नाही. उजेडासाठी माळवदाला वर एक वीतभर भोक आहे, साणं म्हणतात त्याला. त्यातून मांजरालासुद्धा अंग चोरून जावं लागतं. मध्येच माय आतून म्हणाली, "आत येऊ नका, ओलं हाय." दादा बरं म्हणाले. भुई वाळायला लागतो तेवढा वेळ गेला. मग ते पाणी प्यायला आत गेले, तर आत कुणी नव्हतं.

दादांना झोप लागली असणार, असं सगळा गाव म्हणाला. मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणायचं? विहिरीवर चार मोटा लावून तळ उघडा केला. दुधना नदीचे डोह काठ्यांनी ढवळले. मायच्या माहेरी माणूस जाऊन आला. परभणीहून पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, बाजेवर बसले. वय काय, रंग कसा, अंगावर काय काय होतं, सगळं उर्दूत लिहून घेतलं. काही खूण आहे का म्हणाले. दादा म्हणाले, डावरी हाय. लिहून घेणाऱ्यानं काय ऐकलं कोण जाणे. पुढं बन्सी शाळेत उर्दू शिकला आणि त्यानं कागदाची नक्कल वाचली, तेव्हा कळलं की त्यावर माझी माय डाव्या पायानं लंगडी आहे. म्हणजे एवढी वर्षं कुणी शोधत असलंच तर एका लंगड्या बाईला शोधत होतं.

ती डावरी मात्र पक्की होती. जेवायचं सोडून सगळं डाव्या हातानं करायची. तिच्या सारवणात हाताच्या कमानी उलट्या बाजूला कलायच्या. लहान असताना मी घरात पाऊल टाकलं की खाली बघूनच सांगायची, आज मायनं सारवलंय की शेजारच्या अंबाबाईनं.

३

फसली सत्तावन्नचा वैशाख लागला. बन्सी बावीस वर्षांचा झाला होता. त्याची बायको नर्मदा सात महिन्यांची गरोदर होती. एका शुक्रवारी मी नेहमीसारखं सारवलं आणि परसात ज्वारी पाखडायला बसले. उन्हाचा असा कडाका की भुई तासाभरात खडखडीत. जेवणाच्या वेळी पाण्याचा तांब्या भरायला आत गेले आणि उंबऱ्याच्या आत पाय घसरला.

हातभर रुंद पट्टा ओला होता. ताजा. शेणाचा वास येत होता.

मला वाटलं, नर्मदाला काही काम नाही म्हणून तिनं पुन्हा हात फिरवला असेल. मी केलेलं हिला पसंत नाही, म्हणून माझ्यावर सारवण! वाकून बघितलं तर कमानी उलट्या कललेल्या. तेव्हा माझं टाळकंच सटकलं. मी ओसरीत येऊन तिला म्हटलं, तुझ्या सासूची नक्कल करून सासऱ्याला खूश करायचं असेल तर कर, पण मला कळेल अशी करू नको.

नर्मदा बाजेवर बसली होती. तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "वन्सं," ती म्हणाली, "मला उकिडवं बसता येईना झालंय पंधरा दिवस. भुईवर पडलेली सुई उचलायला मी तुमाला बोलावते. मी कवा सारवू?"

ते खरंच होतं.  कमानीचं काय, शेवटचा हात फिरवताना मी उंबऱ्यात वळून बसले असेन, हात उलटा पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो पट्टा वाळेपर्यंत मी दुसरीकडंच बघत राहिले.

दादा आपल्या जागेवर होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पण रागावले नाहीत, काय झालं म्हणून उठून बघायलाही आले नाहीत. हातातलं चऱ्हाट त्यांनी खाली ठेवलं आणि जरा बाजूला सरकून बसले, कुणाला जायला वाट करून द्यावी तसे.

४

शनिवारी तो पट्टा दोन हात झाला. रविवारी तीन.

मी सगळं पडताळून बघितलं. माझं डोकं त्या वेळी तरी ठिकाणावर होतं. अंबाबाईला विचारलं, ती म्हणाली तिला स्वतःचं घर सारवायला होईना. कोंबड्या कोंडून ठेवल्या. रांजण पाझरत असेल म्हणून तो उचलून ओसरीत आणला. शेणाची पाटी आणि बादली अंगणात माझ्या नजरेसमोर ठेवली. पाटीतलं शेण दुपारपर्यंत वाळून वर खपली धरली, ती कुणी मोडली नाही. आणि आत भुई ओली.

एक गोष्ट तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आली. खरं तर पहिल्याच दिवशी यायला हवी होती. तो पट्टा दारापासून आत वाढत होता. आदल्या दिवशीचं जिथं संपलं तिथून पुढं, भिंतीकडं. म्हणजे सारवणारीचं तोंड दाराकडं आणि पाठ भिंतीकडं. ती मागं मागं सरकत आत जात होती.

आणि ओल्या भुईवर परतीचं पाऊल एकही नव्हतं.

मी हे बन्सीला दाखवलं. तो नुकताच परभणीहून आला होता आणि त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्या दिवसांत मोठ्या रस्त्यावरची गावं रिकामी व्हायला लागली होती. निजामाच्या मुलखात माजलेल्या धामधुमीच्या बातम्या रोज यायच्या. कुणी म्हणे काल अमक्या गावात जाळपोळ झाली, कुणी म्हणे उद्या इकडं येणार. लोक गाड्या जुंपून वऱ्हाडात, इंग्रजांनी सोडलेल्या मुलखात जात होते. नर्मदाची मावशी वाशीमजवळ होती. येत्या गुरुवारी निघायचंच, असं बन्सीनं ठरवलं होतं. पाऊस लागला की काळ्या मातीत गाडी चालत नाही, आणि नर्मदाचे दिवस भरत आले की तिला हलवता येणार नाही.

त्यानं भुईकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, भुई ओली हाय तर हाय. तू दादांचं बग. ते येत न्हाईत म्हनायलेत."

५

दादा येणार नव्हते. त्यांचं म्हणणं एकच. ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?

बन्सीनं समजावलं, मग आरडाओरडा केला, मग पाया पडला. नर्मदा रडली. अंबाबाईनं येऊन सांगितलं की बाई येईल तेव्हा येईल, पण तुम्ही जिवंत राहिलात तर तिच्या उपयोगाचे. दादा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तुमी जा. त्यांना एकटं टाकून बन्सी जाणार नाही, बन्सीला सोडून नर्मदा जाणार नाही, आणि मी तर त्या घराला बारा वर्षं खुंट्यासारखी ठोकलेली. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी पोटातल्या लेकरासकट आम्ही पाच जण तिथं अडकलो होतो. मला इतका संताप यायचा की भाकरी थापताना काठवट हालायची.

मंगळवारी दुपारी मी ठरवलं, या सारवणाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. आत कुणी नाही हे कोपरान्‌कोपरा बघून घेतलं. उतरंडीच्या मागं, कणगीच्या आत, सगळं. दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून तुरीची डाळ निवडायला बसले. पलीकडं दादा. वाडीत चिटपाखरू नव्हतं. लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली.

अर्धं सूप निवडून झालं असेल. पाठीमागं, फळीच्या पलीकडं, पाण्यात हात बुडवल्याचा आवाज आला. मग भुईवरून तळहात फिरल्याचा. शेणात काडी असते, ती भुईवर जशी खरवडते तसा. बांगड्या एकदा वाजल्या. पुन्हा पाण्यात हात.

उंदीर असेल. माळवदाची माती झडत असेल. मी मनात एकेक नाव घेत गेले. पण उंदराच्या हातात बांगड्या नसतात.

मी दादांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. उलट पोराचं गुपित उघडं पडल्यावर बाप जसा ओशाळतो, तसे ते दिसत होते.

मी कडी काढून दार ढकललं. आत कुणी नव्हतं. ओल आता खोलीच्या मध्यावर, साण्याच्या उजेडापर्यंत गेली होती.

६

"तुमाला आधीपासून म्हाईत होतं," मी म्हणाले.

 दादांनी हळूहळू, मधे मधे थांबत, बारा वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्या दिवशी त्यांना झोप लागलीच नव्हती. लोक लागली म्हणाले, ते सोपं पडलं, म्हणून त्यांनीही मान डोलावली. ते आत गेले तेव्हा भुई वाळलेली नव्हती, चांगली ओली होती. उंबऱ्यापासून थेट आतल्या भिंतीपर्यंत, चारही कोपरे धरून. त्यावर एक पाऊल नव्हतं. पहिलं पाऊल त्यांचंच पडलं.

"सारवन दारापासून सुरू केलं होतं तिनं," ते म्हणाले. "तवाच मला कळलं, बाई भायेर गेलेली न्हाई."

मी विचारलं, असं उलटं ती का सारवील?

 ते म्हणाले की त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं. तिला पालमला जायचं होतं, मला बघायला. माझं सासरी बरं चाललेलं नाही, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. दादांना पेरणीपूर्व कामं होती. त्यांनी सोडलं नाही. ती जाते म्हणाली. ते म्हणाले, "या दाराच्या भायेर पाऊल टाकलंस तर बग."

"मंग तिनं न्हाई टाकलं," दादा म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला. हे एवढं बारा वर्षं पोटात धरून ते दारात बसले, आणि मला बसवलं. एक हाक मारायची होती. आत तोंड करून, ये गं, जाऊन ये पालमला, एवढं म्हणायचं होतं. मी तसं म्हटलंही. त्यावर ते म्हणाले की हाक मारायची हिंमत होत नाही. ओ आली नाही तर काय करायचं?

७

गुरुवारी सकाळी गाडी जुंपून अंगणात उभी होती. नर्मदा कडब्याच्या गादीवर आडवी झाली होती, बन्सी बैलांच्या कासऱ्याला धरून. दादा ओसरीतल्या जागेवरून हलले नव्हते.

माझ्या मनात आलं, लुगडं घ्यावं. दांडीवरचं लुगडं गाडीत दिसलं तर कदाचित म्हातारा त्याच्या मागं येईल. मी दार उघडलं.

सगळी खोली ओली होती. फक्त आतल्या डाव्या कोपऱ्यात, दांडीच्या खाली, एक बाई उकिडवी बसेल एवढी जागा कोरडी राहिली होती.

मी थांबायला हवं होतं. पण गाडी उभी, ऊन चढायलेलं, बैल फुरफुरायलेले, आणि एवढ्या वर्षांत या भुईवर पाय टाकू नको, ते लुगडं काढू नको, इथं बसू नको हे ऐकून ऐकून माझे कान किटलेले. धुळीच्या पायांनी मी सरळ आत चालत गेले. पाय रुतत होते. मागं वळून माझीच पावलं बघितली आणि मला बरं वाटलं. दांडीवरचं लुगडं ओढून खांद्यावर टाकलं, आणि त्या कोरड्या जागेकडं तोंड करून मी बोलले. मोठ्यानं नाही. जे मनात साठलं होतं ते सगळं. तुझ्यापायी माझा संसार गेला. मला बघायला यायचं होतं ना, मी तर केव्हाची इथं आहे, कितीदा बघितलंस? तुला निघायचं तर नीघ, राहायचं तर राहा, पण या माणसांना सोड.

साण्यातून उजेडाचा एक गोल भुईवर पडला होता. बोलता बोलता माझी नजर तिथं गेली.

तिथं एक हात होता. डावा. मनगटापर्यंत शेणानं माखलेला, तळवा भुईला टेकलेला, बोटं पसरलेली. बांगड्या हिरव्या. मनगटाच्या पुढं उजेड संपत होता आणि तिथून पुढं मला काही दिसत नव्हतं. हात फिरत नव्हता. काम करताना कुणाचं बोलणं कानावर पडलं की बाई हात थांबवते, तसा थांबलेला होता.

तेवढ्यात दाराशी सावली पडली. दादा उठून उंबऱ्यात उभे होते. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आत तोंड करून हाक मारली.

"कडू," असं म्हणाले, मधे त्यांचा आवाज अडकला, आणि मग उरलेलं आलं. "चे माय."

मी म्हणाले, "ओ."

पुष्कळदा मी स्वतःला सांगितलं आहे की मला आधी माझंच नाव ऐकू आलं आणि तोंडातून ओ निघून गेली. पण हाक मी पुरी ऐकली होती. ऐकून मगच ओ दिली. गाडी उभी होती.

"आले," मी म्हणाले. "चला."

दादांचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. ते आज्ञाधारक पोरासारखे मागं फिरले, खुंटीवरचा पटका घेतला आणि चालत जाऊन गाडीत बसले. मी खाली बघितलं. उजेडाच्या गोलात काही नव्हतं. पण माझ्या पायांपाशी कोरडी राहिलेली जागा ओली झाली होती, आणि मी आत येताना उमटवलेली पावलं जाग्यावर नव्हती. वरून हात फिरला होता.

दार मी ओढून घेतलं, कुलपाची किल्ली बन्सीनं फिरवली.

८

वाशीमजवळच्या त्या गावात आम्ही सहा महिने काढले. नर्मदाला तिथं मुलगी झाली. अंबाबाईनं पोराकरवी निरोप पाठवला की आजीचं, म्हणजे आमच्या मायचं नाव ठेवा, मनकर्णा. मी ऐकलं नाही. म्हटलं दुसरं कोणतंही ठेवा. सुमन ठेवलं.

दादा सुखात होते. मला अगं म्हणायचे, सुपारी कातरून मागायचे, मावशीला कौतुकानं सांगायचे की आमची मंडळी हट्टी, पण शेवटी आली. बन्सीला आधी कसंसंच वाटायचं. तो म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, खुशीत हाय तर राहू दे. मीही राहू दिलं. माझं नाव त्या घरात फक्त बन्सीच्या तोंडी, तेही आक्का म्हणून. कडू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

कडू कुठं आहे, हे दादांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांच्या मनात मी अजून सासरीच आहे.

भाद्रपदात त्यांना तापानं धरलं. चौथ्या दिवशी सकाळी मी पेज भरवत होते. तोंड फिरवून ते म्हणाले, "आपन चूक केली."

मी म्हटलं, कसली?

"पोरीला तिथंच ठेवून आलो."

मी वाटी खाली ठेवली. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "दादा, बगा माझ्याकडं. मीच कडू हाय. मी तुमच्यासंगंच आलेय."

त्यांनी नीट बघितलं. ताप होता, पण नजर साफ होती. मान हलवून ते मला समजावून सांगायला लागले, जसं मी विसरले आहे. त्या दिवशी ते दारात आले तेव्हा आत दोघी होत्या. एक उभी, खांद्यावर लुगडं टाकलेली. तिनं ओ दिली. दुसरी तिच्या पायांशी, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उकिडवी बसलेली.

"ती कडू," ते म्हणाले. "तिनं बी तोंड उघडलं होतं. पन तू आधी बोललीस. मंग मला वाटलं, एक तर आली. दुसरीला मागून बोलवू. आन मी गाडीत बसलो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना चार महिने हे आठवत होतं. म्हणजे उभी कोण आणि बसलेली कोण हे बाजूला ठेवलं, तरी त्यांच्या हिशेबी त्यांनी कडूला बघितलं होतं, आणि तिला तिथं ठेवून ते गाडीत बसले होते. वाटेत मागं वळूनही बघितलं नव्हतं.

मी त्यांचं तोंड पुसलं. पेज गार झाली होती, तरी उरलेली भरवली.  दोन दिवसांनी ते गेले.

९

त्याच महिन्यात निजामाचं राज्य गेलं. कार्तिकात रस्ते वाळले तसे आम्ही परत आलो. बन्सीनं कुलूप काढलं. मी अंगणातच उभी राहिले. तो आत गेला, मग बाहेर येऊन म्हणाला की सगळं ठीक आहे, भुई कोरडी आहे, ये. त्याचं तोंड उतरलं होतं. प्रवासानं असेल.

त्यानंतर त्या घरात काही झालं नाही. नर्मदा दर शुक्रवारी मधलं घर सारवते, तासाभरात वाळतं, ओलीचा ठिपका राहत नाही. सगळे म्हणतात, सुटलो. मला तसं म्हणता येत नाही. बारा वर्षांनी एक हाक आली होती, आणि ती जिच्यासाठी होती तिनं तोंड उघडलं होतं. मधेच मी बोलले.

मी परसात छप्पर घालून घेतलं आहे. मधल्या घरात फार लागलं तरच जाते. आत असले आणि बाहेरून कुणी हाक मारली तर बोलत नाही. चालत दारापर्यंत येते, उंबरा ओलांडते, हाक मारणाऱ्याच्या समोर उभी राहते. बन्सीला याचा फार वैताग आहे. परवा तो बैल सुटला म्हणून ओरडून ओरडून थकला, आणि मी समोर आले तेव्हा चिडून म्हणाला, ऐकू येत न्हाई का तुला?

"येतं की," मी म्हटलं. "पन हाक कुनाला हाय ते बगितल्याबिगर मी ओ देत न्हाई."